तासाला एक ठोका

[दृश्य: कागदावर सरकत जाणारी रेघ. चढते, उतरते, पुन्हा चढते.]

हा हृदयाचा आलेख नाही. रक्तातल्या एका संप्रेरकाचा आहे. त्याचं नाव एलएच. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी असते, तिच्यातून ते रक्तात उतरतं आणि अंडाशयाला कामाला लावतं. रेघेची लागोपाठची कोणतीही दोन शिखरं घ्या, मधलं अंतर साधारण तासाभराचं.

१९७० साली अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या प्रयोगशाळेतून हा आलेख जगासमोर आला. प्रयोगशाळा शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्न्स्ट क्नोबिल यांची. (निबंधाच्या लेखकांत एक भट्टाचार्यही आहेत, जाता जाता सांगतो.) अंडाशय काढलेल्या रीसस माकडिणींचं रक्त थोड्या थोड्या मिनिटांनी तपासलं, म्हणून हे दिसलं. दिवसातून एकदाच रक्त घेतलं असतं, तर हाती आला असता एक सुटा आकडा. आज मोठा, उद्या लहान. मोजताना काहीतरी चुकलं असेल, म्हणून विषय संपला असता.

[दृश्य: जुनी छायाचित्रं.]

क्नोबिल यांचा जन्म १९२६चा, बर्लिनमधला. लहानपणीच अमेरिकेत आले, कॉर्नेल विद्यापीठात शिकले, मग हार्वर्डला संप्रेरकतज्ज्ञ रॉय ग्रीप यांच्याकडे काम केलं. तिथे एक कोडं सुटलं. गाईगुरांचं वाढीचं संप्रेरक उंदरांना चालतं, पण माकडांना का चालत नाही? कारण माकडाला माकडाचंच लागतं. माणसाच्या बाबतीतही असंच निघालं. बहुधा तेव्हापासूनच, माणसाचं शरीर समजायचं तर उंदरावर थांबून भागणार नाही, हे त्यांच्या मनात पक्कं झालं असावं. उंदराचं चक्र चार-पाच दिवसांचं. रीसस माकडिणीला पाळी येते बाईसारखी, २८ दिवसांच्या आसपास. १९६१ साली ते पिट्सबर्गला शरीरक्रियाशास्त्राचे विभागप्रमुख झाले आणि पुढची वीस वर्षं तिथेच रमले.

दरम्यान दुसरीकडे एक शर्यत चालू होती. पियुषिकेला हुकूम देणारा रेणू कोणता? अँड्र्यू शॅली यांनी डुकरांचे, तर रॉजर गिलमँ यांनी मेंढ्यांचे मेंदू लाखांनी गोळा केले. १९७१ साली रचना उलगडली: दहा अमिनो आम्लांची छोटीशी साखळी, जीएनआरएच. १९७७चं नोबेल दोघांना मिळालं.

रेणू आता बाटलीत मिळत होता. पण वापरायचा कसा?

[दृश्य: पंप. बारीक नळी. टिक… टिक…]

पियुषिकेच्या अगदी वर मेंदूचा जो भाग तिला हे हुकूम धाडतो, तो हायपोथॅलॅमस. क्नोबिल यांच्या चमूने माकडिणींच्या हायपोथॅलॅमसचा एक छोटा भाग, आर्क्युएट केंद्रक, जाळून निकामी केला. हे ऐकायला बरं वाटत नाही, आणि वाटूही नये. एलएच जवळपास नाहीसं झालं. मग पंपाने जीएनआरएच द्यायला सुरुवात केली, अखंड, थेंबाथेंबाने. एलएच थोडं वर आलं आणि पुन्हा बसलं. मग तेच औषध दर तासाला फक्त सहा मिनिटं दिलं. एलएच परतलं आणि टिकलं. पुन्हा अखंड केलं, पुन्हा बसलं.

१९७८ साली हा निबंध ‘सायन्स’मध्ये छापून आला. रेणू तोच. फक्त मधली विश्रांती काढून घेतली की पियुषिका बहिरी होते.

पुढचा प्रयोग मला त्याहून विलक्षण वाटतो. अजून वयात न आलेल्या माकडिणींना तासाच्या ठोक्याने जीएनआरएच दिलं. त्यांची चक्रं सुरू झाली, अंडंही सुटू लागलं. पंप बंद केला आणि त्या पुन्हा अजाण पोरी झाल्या. म्हणजे अंडाशय आणि पियुषिका आधीपासून तयारच होत्या. वाट पाहत होत्या ती वरून येणाऱ्या ठोक्याची.

मग महिन्याचा हिशेब कोण ठेवतं? मेंदू, असं कुणालाही वाटेल. पण पंपाचा ठोका कधीच बदलत नव्हता, तासाला एक म्हणजे एक, तरीही चक्र २८ दिवसांच्या आसपासच फिरत होतं. दिनदर्शिका अंडाशयाकडे होती. अंडं जिच्यात पिकतं ती पिशवी, म्हणजे अंडपुटिका, वाढते, तिच्यातून येणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक चढतं आणि दीडएक दिवस चढं राहिलं की पियुषिका एलएचचा मोठा लोंढा सोडते. अंडं सुटतं.

[दृश्य: दवाखाना. कमरेला बांधलेला छोटा पंप.]

ज्या स्त्रियांच्या मेंदूतून हा ठोकाच पडत नाही, त्यांना १९८०च्या सुमारास डॉक्टरांनी असाच पंप बांधला. साधारण ९० मिनिटांनी एक मात्रा. त्यांचं अंडं सुटलं, मुलं झाली. आणि ‘अखंड दिलं तर बंद पडतं’ ही अडचण तर औषधच ठरली. फार लवकर वयात येणारी मुलं, प्रोस्टेटचा कर्करोग, एंडोमेट्रिओसिस, या सगळ्यांत जीएनआरएचचे टिकाऊ भाऊबंद देऊन मुद्दाम पियुषिकेला गप्प करतात.

१९८१ साली क्नोबिल ह्यूस्टनला वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता होऊन गेले. खुर्ची मिळाली की प्रयोगशाळेला कुलूप लागतं, असं पुष्कळांचं होतं. यांनी मात्र माकडिणींच्या हायपोथॅलॅमसमध्ये बारीक विद्युतअग्रं बसवली. मज्जापेशींचा एकदम गलका उठायचा, आणि त्याच्या पाठोपाठ रक्तात एलएचचं शिखर. दर वेळी.

गलका नेमका कोणत्या पेशींचा, हे मात्र कळायचं राहिलं. २००० साली क्नोबिल गेले. २००३ साली, काही कुटुंबांतली मुलं वयात का येत नाहीत हे शोधताना, किसपेप्टिन या मेंदूतल्या निरोप्या रेणूचा माग लागला. तो बनवणाऱ्या पेशींचा एक मोठा पुंजका, जो तासाचा ठोका देतो असं आज मानतात, आर्क्युएट केंद्रकात सापडला. पिट्सबर्गला जाळला होता, त्याच ठिपक्यात.

[दृश्य: पुन्हा तीच रेघ. चढते, उतरते.]