तीस शिलिंगांचा फोरमन

मंडळी, नमस्कार. बोर्डावर विषय लिहिलाय ‘हेन्री मॉडस्ले आणि त्याचा लेथ’. मॉडस्ले म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीचा इंग्लंडचा मशीन बनवणारा कारागीर, आणि लेथ म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून हत्यारानं कापायचं मशीन. लेथवर मी येणार आहे, नक्की येणार आहे, पण समोर बघतोय तर निम्मे लोक जिनिंगवाले, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारे, चोपड्याचे आहेत, धरणगावचे आहेत, जामनेरहून बापू आलेत, आणि पॉलिटेक्निकची पोरं सगळी मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसलीत. पोरांनो, पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. तर जिनिंगवाले समोर असताना मी गाठी दाबायचा प्रेस सोडून थेट लेथवर गेलो तर ते बरोबर होणार नाही, म्हणून सुरुवात प्रेसपासून.

कापसाचं दुखणं तुम्हाला मी काय सांगणार. सरकी वेगळी झाली की रुई जी फुगते ती फुगतेच. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस अडकला, इंग्लंडच्या गिरण्या आपल्या कापसाकडे वळल्या आणि त्याच दशकात आपल्या खानदेशात रेल्वे आली. पण मोकळी रुई डब्यात भरली तर डबा गच्च आणि वजन काहीच नाही, जहाजात तर प्रत्येक फुटाला भाडं. म्हणजे दाबून गाठ बांधल्याशिवाय खानदेशचा कापूस मुंबईच्या पलीकडे परवडत नव्हता. आज आपण १७० किलोची गाठ धरतो, ती ज्या हायड्रॉलिक प्रेसमध्ये बांधतो त्याचं पेटंट १७९५ चं आहे, आणि ते घेणारा माणूस शेतकऱ्याचा पोरगा होता. जोसेफ ब्रामा. यॉर्कशायरमध्ये बार्न्सलीजवळ १७४८ ला जन्म. पोरवयात पायाला इजा झाली, शेतात नांगर धरणं जमेना म्हणून सुतारकामाला लावला, आणि तिथून हा गडी कुठल्या कुठे गेला बघा. आधी संडासाचं फ्लशिंग सुधारलं, १७७८ चं पेटंट, मग कुलूप केलं, मग प्रेस, मग बिअरचा पंप, मग लाकूड रंधायचं मशीन, मग बँकेच्या नोटांवर नंबर छापायचं मशीन. एकूण १८ पेटंटं. आणि जळगावकरांनो, हे खास तुमच्यासाठी, १७९७ च्या पेटंटमध्ये त्यानं शिशाचा पाइप काढायची पद्धत दिलीय, मऊ गरम धातू दाबून डायमधून, म्हणजे साच्याच्या भोकातून, बाहेर ढकलायचा. आज आपल्या एमआयडीसीत पीव्हीसी पाइप निघतो तो स्क्रूनं ढकलतात, त्यानं प्लंजरनं, म्हणजे दट्ट्यानं, ढकलला, पण डायमधून पाइप काढायची कल्पना तीच. अख्ख्या जिल्ह्याला पाइप पुरवणाऱ्या गावात या माणसाचं नाव कुणाला माहीत नसावं याचं मला खरंच वाईट वाटतं.

त्याच्या कुलपाचं सांगतो, दोन मिनिटं. लंडनला पिकॅडिलीत त्याचं दुकान, खिडकीत कुलूप ठेवलेलं आणि खाली पाटी, जो हे किल्लीशिवाय उघडेल त्याला २०० गिनी. १७९० पासून पाटी लागलेली. शेवटी १८५१ ला हॉब्ज नावाच्या अमेरिकन माणसानं ते उघडलं, सोळा दिवसांत मिळून पन्नासच्या वर तास खपला तेव्हा. ब्रामा तोवर जाऊन सदतीस वर्षं झाली होती. आपल्या सराफ बाजारात अशी पाटी लावायची कुणाची छाती आहे का सांगा! पण मुद्दा हा की ते कुलूप इतकं बारीक होतं की हातानं बनवायला परवडेना, प्रत्येक भाग नेमका लागायचा, आणि असा हात लंडनमध्ये मिळेना. म्हणून त्यानं वुलिचच्या तोफखान्यातला एक पोरगा आणला, वय अठरा. बाराव्या वर्षी हा पोरगा तिथे काडतुसं भरत होता, मग सुतारकाम, मग लोहारकाम, आणि हात असा की अख्खा तोफखाना त्याचं नाव घ्यायचा. हाच हेन्री मॉडस्ले. वर्षभरात तो ब्रामाच्या कारखान्याचा फोरमन झाला.

आता प्रेस. तत्त्व पास्कलचं, सतराव्या शतकातलं. पंपाचा प्लंजर एक इंचाचा आणि रॅम, म्हणजे गाठ दाबणारा मोठा दट्ट्या, दहा इंचाचा, तर क्षेत्रफळ शंभरपट, म्हणजे इकडे शंभर किलोनं दाबा, तिकडे दहा टन उचललं जातं. कागदावर हे शाळेतल्या पोरालाही कळतं. पण पास्कलनंतर शंभर वर्षं आणि वर होऊन गेली तरी कुणी कामाचा प्रेस केला नाही, कारण रॅम जिथून सिलिंडरच्या बाहेर येतो तिथून पाणी उडतं. ते पाणी अडवायला दोरी ठासून ग्लँड, म्हणजे ती दाबून धरणारी कडी, आवळावी तर रॅमच धरला जातो, वर गेलेला खाली येत नाही. ढिला ठेवा तर गळतो, आवळा तर अडकतो. ब्रामा एवढा हुशार माणूस, पण इथे त्याचंही अडलं होतं.

हे मी तुम्हाला अगदी डोळ्यासमोर असल्यासारखं सांगू शकतो कारण मी हे बघितलंय. एक जिनिंग होती, नाव घेत नाही. ऐन सीझन, गेटबाहेर कापसाच्या ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत, शेतकरी ट्रॉलीखालीच घोंगडी टाकून झोपलेले, आणि इकडे प्रेसचा प्रेशर गेज चढेना. नुकतंच ओव्हरहॉलिंग झालेलं, बाहेरून माणसं बोलावून, नवीन व्ही पॅकिंगचा, म्हणजे गळती अडवणाऱ्या व्हीच्या आकाराच्या रिंगांचा, सेट टाकलेला, भरपूर पैसे घेऊन. पंप सुरू केला की खाली खड्ड्यात तेलाचं डबकं. मालक तिथेच उभे, आवळा म्हणाले. आवळलं. थोडं कमी झालं, पुन्हा सुरू. अजून आवळा. चार फुटी पाइप पान्याला लावून आवळलं हो! मग गळती थांबेना ती थांबेनाच, पण रॅम वर जाऊन तिथेच अडकला, वजनानं खाली यायला पाहिजे तो येईना, आणि आत अर्धी दाबलेली गाठ. रात्री अकरा वाजता मी ज्यांनी ओव्हरहॉलिंग केलं त्यांना फोन लावला तर ते म्हणाले तुमचा रॅम खराब असेल. रॅमवर नख फिरवलं तरी ओरखडा लागत नव्हता, क्रोम आरशासारखं.

तिथे आमचा एक फिटर होता, सगळे मिस्त्री म्हणायचे, अमळनेरकडचा. तो तोवर बोलला नव्हता कारण त्याला कुणी विचारलंच नव्हतं. त्यानं काय केलं, ग्लँड पूर्ण खोलली, एकेक रिंग बाहेर काढून फडक्यावर ओळीनं मांडली आणि म्हणाला, “हाई तं उलटं बसाडेल शे भाऊ.” व्ही पॅकिंगच्या ओठांचं तोंड प्रेशरकडे पाहिजे. तेल आत शिरतं, ओठ फाकतात, एक रॅमला टेकतो, दुसरा सिलिंडरला. जितकं प्रेशर जास्त तितके ते घट्ट. उलट बसवलं की प्रेशरच ओठ मिटवतं आणि मग तुम्ही जगातला सगळ्यात मोठा पाना आणा, काही होत नाही. मिस्त्रीनं रिंगा सुलट्या बसवल्या, नट नुसत्या हाताच्या ताकदीनं लावले, पंप सुरू केला आणि गेज सरसर चढला. खड्डा कोरडा. पहाटेपर्यंत गाठी पडायला लागल्या.

आणि हेच, मंडळी, हेच १७९५ च्या आसपास लंडनमध्ये झालं. दोरी ठासण्याऐवजी चामड्याची रिंग, तिचा छेद घेतला तर उलट्या यू सारखा, आणि तिची उघडी बाजू पाण्याकडे. पाणीच तिला फाकवतं, पाणीच गळती थांबवतं. प्रेशर सोडलं की चामडं सैल, रॅम सुटा. स्टोव्हच्या पंपातलं चामड्याचं वायसर आठवतंय ना, तेल सोडून बोटानं फाकवून बसवायचो ते? हापशीच्या आत, इंडिया मार्क टू च्या सिलिंडरमध्ये, पूर्वी चामड्याची कप वायसरं असायची आणि नंतर नायट्राइल रबराची आली, तिथेही तेच तत्त्व. पेटंट ब्रामाच्या नावावर. पण जेम्स नॅस्मिथ, ज्यानं पुढे वाफेचा घण बनवला तो, मॉडस्लेच्या हाताखाली काम केलेला माणूस, त्यानं सांगून ठेवलंय की हे चामड्याचं वायसर मॉडस्लेचं होतं. काही जण यावर वाद घालतात. मी नॅस्मिथच्या बाजूचा आहे, कारण ज्याचे हात रोज त्या रॅमवर असतात त्यालाच असं सुचतं, हे मी त्या रात्री डोळ्यांनी बघितलंय.

बरं, पुढे काय झालं? मॉडस्लेचा पगार आठवड्याला तीस शिलिंग. लग्न झालेलं, पोरंबाळं, कारखाना त्याच्या जिवावर चाललेला. तो ब्रामाकडे गेला आणि पगार वाढवा म्हणाला. ब्रामा नाही म्हणाला. १७९७ साल. मॉडस्ले निघाला, ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या बाजूला वेल्स स्ट्रीटवर एक छोटी जागा घेतली आणि स्वतःचं काम सुरू केलं. पहिली ऑर्डर कसली, तर एका चित्रकाराच्या ईझलचा, म्हणजे चित्र टेकवायच्या घोडीचा, लोखंडी सांगाडा.

आमच्या मिस्त्रीनंही दिवाळीला पगार वाढवा म्हटलं. मालक म्हणाले, सीझनपुरतं तर काम असतं तुला, बाकीचे महिने बसून खातोस. मिस्त्री काही बोलला नाही, भाऊबीज झाली आणि सुरतेला निघून गेला. त्याच्यासारखे किती गेले! धुळ्याचे, नंदुरबारचे, सुरत तर नंदुरबारला पुण्यापेक्षा जवळ, सकाळी गाडीत बसायचं आणि गेलं. आपण म्हणतो पोरं बाहेर का जातात, इथे कामाला माणूस मिळत नाही. मिळालेला माणूस आपण ठेवला का? याचा मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही. ओव्हरहॉलिंगला बाहेरच्यांना लाखात पैसे मोजले, आणि ज्यानं ती चूक पकडली त्याला महिन्याला चार पैसे जास्त द्यायला हात आखडला.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतायत. म्हणजे लेथ आता पळत सांगावा लागेल, माफ करा, पण मुख्य गोष्ट तीच आहे तेव्हा नीट ऐका.

मॉडस्लेच्या आधी आटे बहुतेक हातानं पाडायचे. टर्नर हत्यार हातात धरायचा, नजर आणि मनगट, बस्स. प्रत्येक बोल्टाचा नट वेगळा, इकडचा तिकडे लागणार नाही, खोललं तर खुणा करून ठेवायच्या. मॉडस्लेनं हत्यार माणसाच्या हातातून काढून स्लाइड रेस्टवर, म्हणजे सरकणाऱ्या पकडीवर, बसवलं, ती स्लाइड लीड स्क्रूनं, म्हणजे तिला पुढे नेणाऱ्या लांब स्क्रूनं, चालवली, आणि जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, आणि लीड स्क्रू यांच्यात बदलते गिअर टाकले. या तिन्ही गोष्टी सुट्या सुट्या आधीही कुणी कुणी केल्या होत्या, पण लोखंडी, दणकट, कारखान्यात रोज चालेल असा लेथ त्याचा, १८०० च्या आसपासचा. पॉलिटेक्निकच्या पोरांनो, तुम्ही वर्कशॉपमध्ये चेंज गिअर लावून आटे पाडता तो लेथ वंशानं त्याचाच.

त्याच्यापुढचं जास्त महत्त्वाचं. लेथ तेवढाच अचूक जेवढा त्याचा लीड स्क्रू. म्हणून त्यानं आयुष्यभर स्क्रूचा ध्यास घेतला. पाच फूट लांब, दोन इंच जाड, इंचाला पन्नास आटे, असा स्क्रू केला आणि त्याला बारा इंची नट, म्हणजे एका वेळी सहाशे आटे लागलेले. वर्कबेंचवर मायक्रोमीटर ठेवला, इंचाचा दहा हजारावा भाग दाखवणारा, त्याला नाव दिलं लॉर्ड चॅन्सलर, कारण कारागिरांमध्ये मापावरून वाद झाला की त्याचा निकाल शेवटचा. आणि प्रत्येक कारागिराच्या बेंचवर सरफेस प्लेट, म्हणजे अगदी सपाट केलेली धातूची पाटी, सपाट म्हणजे काय हे ज्यानं त्यानं स्वतः तपासायचं. पोर्ट्समथच्या गोदीत जहाजाच्या कप्प्या बनवायची मशीनं त्यानंच केली, डिझाइन मार्क ब्रुनेलचं, पंचेचाळीस मशीनं, आणि एकशे दहा माणसांचं काम दहा माणसं करायला लागली. १८०८ पर्यंत वर्षाला एक लाख तीस हजार कप्प्या.

आणि त्याच्या हाताखालून कोण निघालं ऐका. नॅस्मिथ सांगितलाच. रिचर्ड रॉबर्ट्स, ज्यानं कापूस कातायचा म्यूल आपोआप चालेल असा केला. जोसेफ क्लेमेंट, ज्यानं बॅबेजच्या गणकयंत्राचे भाग बनवले. आणि जोसेफ व्हिटवर्थ, १८४१ ला त्यानं आट्याचा कोन ठरवून टाकला, पंचावन्न अंश, आणि अमुक व्यासाला इंचाला किती आटे तेही. आपल्या जुन्या रेच्यांमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या मशीनमध्ये, विलायती मशीनमध्ये आजही बीएसडब्ल्यूचे, म्हणजे व्हिटवर्थच्या मापाचे, बोल्ट निघतात, नवीन पोरगा मेट्रिक नट लावायला जातो आणि दोन फेऱ्यांत अडकतो, तो हाच व्हिटवर्थ. एका शॉपमधून हे चौघं! ब्रामाचा कारखाना त्याच्यानंतरही चालला, मॉडस्ले १८३१ ला गेला, पण इंग्लंडची पुढची मशीनं मॉडस्लेच्या पोरांनी बनवली.

म्हणून माझं मागणं एकच आहे आणि ते जिनिंगवाल्यांकडे, दालमिलवाल्यांकडे, पाइपवाल्यांकडे आहे, तुम्ही सगळे बसलायत म्हणून बोलतो. जळगावला एक सामाईक टूलरूम, म्हणजे हत्यारं आणि मशीनचे भाग बनवायचा शॉप, काढा. प्रत्येकाच्या आवारात एकेक लंगडा लेथ ठेवण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून एक चांगला शॉप, प्रत्येक बेंचवर सरफेस प्लेट, आणि आयटीआयची पोरं तिथे शिकाऊ म्हणून घ्या, शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहेच, कागदावर नाही, खरोखर घ्या. सीझन संपला की तुमचे फिटर तिथे येऊन शिकवतील, म्हणजे बाकीचे महिने बसून खातो हे वाक्य कुणाच्या तोंडी येणार नाही, पगार बारा महिन्यांचा द्या. जागेचं मी बोलून ठेवलंय, दोघं-तिघं तयार आहेत, त्यांची नावं ते स्वतः सांगतील. ज्यांना यायचंय त्यांनी जेवणाआधी माझ्याकडे नाव आणि नंबर लिहून द्या. भरताच्या वासानं सगळे उठणार हे मला दिसतंय, तरी वही घेऊन मी दाराशीच उभा राहतो.