व्हेंटिलेटर कधी काढायचा? 1957 मध्ये डॉक्टरांनी पोपना विचारलेला प्रश्न

1952 चा ऑगस्ट, कोपनहेगन. पोलिओची साथ अशी पसरलीय की ब्लेगडॅम हॉस्पिटलमध्ये रोज नवे पेशंट येतायत, आणि ज्यांचे श्वासाचे स्नायूच लुळे पडलेत त्यांच्यासाठी हॉस्पिटलकडे आहे काय, तर एक आयर्न लंग, म्हणजे पेशंटला गळ्यापर्यंत आत ठेवून श्वास चालवणारी लोखंडी टाकी, आणि छातीवर बसवायची सहा छोटी मशीन्स. पहिल्या तीन आठवड्यांत असे 31 पेशंट मशीनवर ठेवले, त्यातले 27 गेले. मग 27 ऑगस्टला ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने 12 वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी बसवून घेतली, नळीला रबरी पिशवी जोडली आणि ती हाताने दाबून दाबून तिच्या फुप्फुसांत हवा भरली. मुलगी वाचली.

त्यानंतर कित्येक महिने जवळपास 1500 विद्यार्थी, बहुतेक मेडिकलचे, पाळ्या लावून पेशंटच्या उशाशी बसले आणि पिशव्या दाबत राहिले. दिवसरात्र, श्वासामागून श्वास. मला विचाराल तर विसाव्या शतकातल्या मेडिसिनमधली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे.

काही वर्षांत त्या हातांचं काम मशीनकडे गेलं. आणि हात दमतात तसं मशीन दमत नाही. पोलिओच्या मुलांना तात्पुरता आधार हवा होता, स्नायूंत परत ताकद आली की नळी काढायची, हिशोब सरळ होता. पण आता मेंदूला जबर मार बसलेले, शुद्ध हरपलेले, परत येण्याची कसलीच खूण नसलेले पेशंटही त्याच मशीनवर दिवसच्या दिवस राहायला लागले. छाती वरखाली होतेय, नाडी चालू आहे, आणि बाहेर घरचे लोक बसलेत. हे मशीन काढायचं का? काढलं तर आपण मारलं असं होईल का?

इन्सब्रुक युनिव्हर्सिटीच्या सर्जरी क्लिनिकमधले भूल विभागाचे प्रमुख डॉक्टर ब्रुनो हाइड यांनी हे प्रश्न थेट पोप पायस बारावे यांच्यापुढे ठेवले. उत्तर मिळालं 24 नोव्हेंबर 1957 ला, डॉक्टरांसमोर केलेल्या भाषणात. बऱ्याच जणांना वाटतं की चर्च म्हणणार, जीव पवित्र आहे म्हणजे शेवटच्या श्वासापर्यंत जे जे करता येईल ते करायलाच हवं. पोप तसं म्हणाले नाहीत. ते म्हणाले की माणूस साधारण उपायांनी बांधलेला आहे, म्हणजे ती व्यक्ती, जागा, काळ बघता जे उपाय तिच्यावर किंवा इतरांवर फार मोठं ओझं टाकत नाहीत तेवढ्यांनी, त्याहून कडक बंधन बहुतेक माणसांना झेपणारच नाही. आणि डॉक्टरला पेशंटपासून वेगळा असा स्वतःचा हक्क नाही, पेशंटने परवानगी दिली तरच तो पुढे जाऊ शकतो.

हे त्यांनी आयत्या वेळी शोधून काढलेलं नव्हतं. चारशे वर्षं मागे जा, स्पेनमधलं सालामांका. तिथे शिकवणारे डोमिनिकन पंथाचे धर्मगुरू फ्रान्सिस्को दे व्हितोरिया असाच प्रश्न जेवणाबद्दल सोडवत होते. आजारी माणसाची अन्नावरची वासनाच उडालीय, घास गिळणं म्हणजे छळ झालाय, त्याने खाल्लं नाही तर पाप का? नाही, असं ते म्हणतात. डॉक्टरने कोंबडीचं मांस सांगितलं तर ते खायलाच हवं असं बंधन आहे का? तेही नाही. आणि त्यांच्याच वर्तुळातले दोमिंगो दे सोतो म्हणत की जीव वाचवायला पाय कापून घ्यायच्या वेदना सोसायची सक्ती कुणावर करता येत नाही.

इथे जरा थांबूया, कारण गंमत इथेच आहे. सोतोंच्या काळात भूल नव्हती. 1846 मध्ये बॉस्टनला इथर देऊन ऑपरेशन करून दाखवलं गेलं आणि मग हळूहळू पाय कापण्याच्या त्या वेदनेचा हिशोबच बदलला. म्हणजे तत्त्व जागच्या जागी राहिलं आणि सायन्सने उत्तर बदलून टाकलं! व्हेंटिलेटरचंही तेच, मोठ्या ऑपरेशननंतर रात्रभर लावला तर त्यात विशेष काही नाही, पण तोच व्हेंटिलेटर मरणाच्या दारात असलेल्या माणसाला महिनोन् महिने लावला तर गोष्ट पूर्ण वेगळी. म्हणून ‘हे उपाय साधारण, ते असाधारण’ अशी यादी कुणालाच करता येत नाही.

मग ठरवायचं कशाने? कॅथलिक परंपरेचं उत्तर आहे, सुज्ञतेने. चार मुख्य सद्गुण सांगतात, सुज्ञता, न्याय, धैर्य, संयम, आणि तेराव्या शतकातले संत थॉमस अक्वायनस यांच्या मते बाकीच्या तिघांना वाट दाखवणारी सुज्ञता. चतुराई नव्हे हं, तर समोरच्या या एका प्रसंगात नेमकं काय करणं बरोबर ते ओळखून तसं करणं. तिचे आठ भाग ते मोजतात, स्मरण, दूरदृष्टी, सावधपणा वगैरे, पण त्यातला एक मला फार जवळचा वाटतो, तो म्हणजे शिकून घ्यायची तयारी. ते म्हणतात की करायच्या गोष्टींत इतके बारकावे असतात की एकट्या माणसाला ते सगळे दिसूच शकत नाहीत, म्हणून दुसऱ्यांना, खास करून अनुभवी माणसांना, विचारावं लागतं.

आता एक आक्षेप, आणि तो हलका नाही. मशीन काढल्यावर माणूस जाणार हे ठाऊक असताना ते काढणं आणि इंजेक्शन देऊन मारणं, यात खरंच फरक आहे का? शेवट तर एकच. चर्च म्हणतं फरक आहे. इंजेक्शन देताना मरण हाच हेतू असतो, मशीन काढताना आपण फक्त न झेपणारं ओझं उतरवतो आणि आजाराला त्याच्या वाटेने जाऊ देतो. 1957 च्याच फेब्रुवारीत पायस यांनी वेदनाशामक औषधांबद्दलही हेच सांगितलं होतं, वेदना कमी करायला दिलेल्या औषधाने आयुष्य थोडं कमी झालं तरी चालेल, मारायचा हेतू नको. काहींना ही पळवाट वाटते. मला नाही वाटत, कारण आपण नेमकं काय करायला निघालोय हे त्या पलंगाशेजारी उभ्या असलेल्या माणसाला आतून माहीत असतं, आणि पुढे आयुष्यभर त्याला तेच सोबत घेऊन राहायचं असतं. अर्थात चर्चच्या आतही सगळं मिटलेलं नाही, 2004 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी नळीतून दिलेलं अन्नपाणी तत्त्वतः साधारणच, म्हणजे द्यायलाच हवं असं, मानायचं म्हटलं आणि त्यावर कॅथलिक डॉक्टर आणि अभ्यासक अजून वाद घालतात.

1957 च्या त्या भाषणातली एक गोष्ट मात्र मागे पडते. हाइड यांनी हेही विचारलं होतं की मशीनवरचा असा माणूस मेला असं नेमकं कधी म्हणायचं? यावर पायस म्हणाले की मरणाची व्याख्या करणं डॉक्टरांचं काम आहे, हे उत्तर चर्चच्या तत्त्वांतून काढता येत नाही. डॉक्टर पोपकडे आला होता, पोपने त्याला परत डॉक्टरांकडे पाठवलं.

1968 मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड मेडिकल स्कूलच्या कमिटीने ब्रेन डेथचे, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडल्याचे, निकष लिहिले, तेव्हा याच भाषणाचा आधार घेतला. कशालाही प्रतिसाद नाही, स्वतःहून श्वास नाही, रिफ्लेक्स नाहीत, ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत हालचालींचा आलेख, सपाट. आणि हे सगळं बघून झाल्यावरही लगेच काही जाहीर करायचं नाही, किमान 24 तास थांबायचं आणि सगळ्या टेस्ट पुन्हा पहिल्यापासून करायच्या.