गोधडी आणि पाण्याची बाटली

(पालकसभेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आयोजकांनी मला फोनवर विचारलं, "डॉक्टर, विषय काय छापू?" मी म्हटलं, "मुलं अंथरुणात शू करतात, हाच." ते जरा घुटमळले. पत्रिकेवर छापून आलं, 'बालआरोग्य : काही विचार'. तरी सभागृह भरलंय. म्हणजे खरा विषय कुजबुजत का होईना, तुमच्यापर्यंत पोचलाय.

माझ्या दवाखान्यात या तक्रारीची ठरलेली वेळ असते. सर्दी-खोकला दाखवून झाला, औषधाचा कागद हातात पडला, आई उठली, दारापर्यंत गेली, की ती मुलाला म्हणते, "तू बाहेर बस हं, मी आलेच." मग परत येते आणि आवाज खाली घेऊन, "डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं..."

अशीच एक आई आठवते. ऐन पावसाळ्याचे दिवस. पहाटे साडेचारला उठायची, सासूबाई जाग्या व्हायच्या आत गोधडी पिळून टाकायची आणि ती वाळत नाही म्हणून तिच्यावर इस्त्री फिरवत बसायची. ओल्या गोधडीवर इस्त्री फिरवली की जो वास येतो तो घरभर होतो, त्यामुळे लपायचं ते काहीच लपत नव्हतं. मुलगा सात वर्षांचा. तिने औषध मागितलं नाही. तिने विचारलं, "हा मुद्दाम करतो का हो?"

नाही. आज तुम्ही इथून एवढंच उत्तर घेऊन गेलात तरी माझं काम झालं. पण वेळ आहे, तर का नाही तेही सांगतो.

आधी स्वतःचं सांगतो. मी नऊ वर्षांचा होईपर्यंत अंथरूण ओलं करायचो. आजी रोज रात्री काळ्या तिळाचा लाडू द्यायची. लाडू मला फार आवडायचा, त्यामुळे बरं व्हायची मला काही घाई नव्हती. शेकोटीजवळ गेलो की आजी ओरडायची, "विस्तवाशी खेळू नकोस, रात्री मुतशील!" वडील या विषयावर कधी एक शब्द बोलले नाहीत. मी डॉक्टर झाल्यावर आत्याने सांगितलं, "अरे, तुझा बाप दहा वर्षांचा होईस्तोवर भिजवायचा." तेव्हा त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ लागला.

हे घराण्यात चालतं. आईवडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल, तर साधारण 100 मुलांपैकी 44 जणांना होतो. दोघांनाही असेल तर 77 जणांना. दोघांनाही नसेल तरी 15 जणांना होतोच. तेव्हा मुलाला रागवायच्या आधी आपापल्या आईला एक फोन लावा.

पाच वर्षांच्या आत आम्ही याला आजार म्हणतच नाही. पाचव्या वर्षी 100 पैकी 15 मुलं रात्री भिजवतात. त्यानंतर दर वर्षी त्यातली साधारण 15 टक्के मुलं आपोआप कोरडी होत जातात. सातव्या वर्षी 100 मध्ये पाच ते दहा उरतात. म्हणजे दुसरीच्या 40 मुलांच्या वर्गात दोन ते चार मुलं अशी असणार, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या घरी वाटत असतं की अख्ख्या गावात आपलाच एकटा. मुलींपेक्षा मुलांत हे साधारण दुप्पट दिसतं.

आता कारण. रात्री आपला मेंदू एक संप्रेरक जास्त सोडतो, व्हॅसोप्रेसिन. ते किडनीला सांगतं, आता लघवी कमी कर, दाट कर. म्हणून आपण मोठी माणसं सात-आठ तास झोपू शकतो. काही मुलांत हा निरोप उशिरा सुरू होतो. त्यांची किडनी रात्रपाळीलाही दिवसपाळीइतकंच काम करत राहते. दुसरं म्हणजे लघवीची पिशवी. तिचा एक सोपा हिशेब आहे : वयात एक मिळवा आणि 30 ने गुणा, तेवढे मिलिलिटर. सहा वर्षांचं मूल म्हणजे 210. साधारण दोन कटिंग चहा. सुट्टीच्या दिवशी प्लास्टिकचं मोजपात्र घेऊन दिवसभर मोजून बघा, मुलांना हा खेळ फार आवडतो. दर वेळी जर 80-90 च भरत असेल, तर पिशवी अजून लहान आहे किंवा सारखी आक्रसतेय. आणि तिसरी झोप. "डोक्याशी ढोल वाजवला तरी उठत नाही," असं आया सांगतात ते अगदी खरं असतं. पिशवी भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत जातो, पण मेंदू जागा होत नाही. या तिन्हीतलं मुलाच्या हातात काय आहे? ज्याचे दात उशिरा येतात त्याला कुणी आळशी म्हणतं का?

मग आपल्या हातात काय आहे? दिवस. रात्रीचं बहुतेक काम दिवसाच करावं लागतं, आणि त्याची सुरुवात पाण्याच्या बाटलीपासून होते. मुलं शाळेतून आली की दप्तरातली बाटली काढा आणि हलवून बघा. निम्म्याहून जास्त घरांत ती सकाळी भरली तशीच परत आलेली असेल. मुलांना विचारलं तर सांगतात, "पाणी प्यायलं की शू लागते, आणि तिथलं शूचं घाण असतं." दाराला कडी नाही, बादलीत पाणी नाही, वास तर बाहेरूनच येतो. तासाला हात वर केला तर बाई म्हणतात, मधल्या सुट्टीत जा. मधल्या सुट्टीत ही रांग. मग मूल शहाणपणा करतं, पाणीच पीत नाही. पाच वाजता घरी येतं ते तहानेनं वाळून. तिथून पाणी सुरू होतं, मग सरबत, मग जेवताना दोन पेले, आणि साडेनऊला आई मोठ्या प्रेमाने चॉकलेटची पावडर घातलेलं पेलाभर दूध देते. दिवसभराचं पाणी संध्याकाळनंतर पोटात. पहाटे काय होणार?

चार ते आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला एक ते 1.4 लिटर द्रव लागतात. त्यातले बहुतेक चार-साडेचारच्या आत पोटात जाऊ द्या. जेवण झाल्यावर घोटभर पाणी पुरे, पण तहानलेल्या मुलाला पाणी नाकारू नका, ते क्रौर्य आहे. दूध सकाळी द्या. आणि चहा! आपल्याकडे चार वर्षांचं पोरही आजोबांच्या बशीतून फुर्र करून चहा ओढतं. संध्याकाळचा चहा आणि कोलाची बाटली बंद करा. शिक्षक इथे कोण बसलेत? तुमच्यासाठी एकच विनंती. हात वर आला की जाऊ द्या.

दुसरं दिवसाचं काम म्हणजे पोट साफ असणं. हे सांगितलं की पालकांना वाटतं, डॉक्टरांनी विषय बदलला. गुदाशय आणि लघवीची पिशवी अगदी शेजारी शेजारी असतात. शौच साचून खडा झाला की तो पिशवीवर रेलतो, तिला पसरायला जागा राहत नाही. "रोज होते हो," असं आई म्हणते. मी विचारतो, कशी होते? बकरीच्या लेंड्यांसारखी? मग गप्प. कारणं घरातलीच असतात, मैद्याची बिस्किटं, भाजी नको, दिवसाला चार कप दूध. शिवाय नव्या फ्लॅटमध्ये उंच कमोड आला आणि मुलाचे पाय लोंबकळायला लागले. पायाखाली एक पाट ठेवा. जोर लावायला पायाला टेकू लागतो. निव्वळ बद्धकोष्ठ बरं केल्यावर अंथरूण कोरडं झालेली मुलं मी पाहिली आहेत.

दिवसा दर दोन-तीन तासांनी शूला जायचं. झोपायच्या आधी एकदा, गोष्ट सांगून झाल्यावर पुन्हा एकदा.

आता रात्रीबद्दल. बरेच बाबा बारा वाजता मुलाला उचलून नेतात. मूल खांद्यावर झोपलेलंच असतं, तिथेही झोपेतच शू करतं आणि तसंच परत येतं. गादी कोरडी राहते, पण मूल काय शिकलं? झोपेत शू करायला. लग्नघरी पाहुण्यांच्या गर्दीत उचला, बिनधास्त. फक्त त्याला उपचार समजू नका.

अंथरूण मात्र हुशारीने घाला. गादीवर मेणकापड, त्यावर चादर. त्या चादरीवर पुन्हा मेणकापड आणि पुन्हा चादर. रात्री भिजलं की वरचे दोन थर ओढून काढायचे, खाली कोरडं अंथरूण तयार. दोन मिनिटांत मूल परत झोपतं. मोठा दिवा लावायचा नाही, भाषण द्यायचं नाही. सहा-सात वर्षांचं मूल ती चादर बादलीत नेऊन टाकू शकतं आणि त्याने टाकावीही, पण पाहुण्यांच्या देखत नव्हे. भावंडांना एकच ताकीद द्या, की या विषयावर चिडवलेलं चालणार नाही.

हल्ली भिंतीवर तक्ते लावतात, कोरड्या रात्रीला एक चांदणी. कल्पना चांगली, पण चांदणी चुकीच्या गोष्टीला मिळते. झोपेत काय झालं याचं बक्षीस म्हणजे पाऊस पडला म्हणून शेतकऱ्याला शाबासकी. चांदणी द्या ती शाळेत बाटली संपवल्याची, झोपायच्या आधी आठवणीने जाऊन आल्याची.

एवढं करूनही सहा-सात वर्षांनंतर आठवड्यातून दोन-तीनदा भिजत असेल, तर पुढचा उपाय अलार्म. याची कथा मजेशीर आहे. 1904 साली फाउंडलर नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी असं यंत्र वापरलं, की अंथरूण ओलं झालं की घंटी वाजायची. हेतू एवढाच होता, की परिचारिकांना कळावं आणि त्यांनी चादर बदलावी. पण काही दिवसांनी लक्षात आलं, की मुलंच कोरडी व्हायला लागली. पुढे 1938 मध्ये अमेरिकेत माउरर दांपत्याने त्याचा रीतसर उपचार केला. आज चड्डीला लावायचा छोटा सेन्सर मिळतो. साधारण तीनातल्या दोन मुलांना गुण येतो. पण आधीच सांगतो, पहिले काही आठवडे अलार्मने मूल सोडून सगळं घर जागं होतं. कुणीतरी उठून मुलाला खरंखुरं जागं करायला लागतं, तोंडावर पाणी मारून, नाव विचारून. दोन-तीन महिने हा धीर धरावा लागतो. सलग 14 रात्री कोरड्या गेल्या की बंद करायचा. एका खोलीत सहा माणसं झोपत असतील तर हा उपाय मी सुचवत नाही.

औषध आहे, डेस्मोप्रेसिन. त्या व्हॅसोप्रेसिनचंच कृत्रिम भावंड. गोळी घेतली की बऱ्याच मुलांची ती रात्र कोरडी जाते, बंद केली की बहुतेकांचं पुन्हा सुरू होतं. एक नियम कडक : गोळीच्या तासभर आधीपासून पुढे आठ तास पाणी अगदी घोटभर. नाहीतर रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. म्हणून ती शेजारणीकडून आणायची वस्तू नव्हे. इमिप्रामीन नावाची एक जुनी गोळीही कुणाला लिहून दिलेली असेल. ती जास्त प्रमाणात गेली तर हृदयाला धोका होतो, तेव्हा धाकट्याच्या हाताला लागणार नाही अशी कुलपात ठेवा.

वाट बघत बसू नये अशा काही गोष्टी आहेत, त्या घाईत नाही, सावकाश ऐका. सहा महिने किंवा जास्त कोरडं राहिलेलं मूल पुन्हा भिजवायला लागलं. खूप तहान, सारखी लघवी, वजन उतरतंय : त्याच दिवशी साखर तपासा, उद्यावर टाकू नका. लघवीला जळजळ, ताप. दिवसाही चड्डी ओली, थेंबथेंब गळतं, धार बारीक. चालण्यात फरक, किंवा कंबरेखाली पाठीवर खळगा नाहीतर केसांचा झुपका. मोठ्याने घोरतं, झोपेत श्वास अडकतो. आणि शरीरात काहीच सापडलं नाही, तर घरात, शाळेत, शिकवणीला काय बदललंय ते बघा. धाकटं बाळ आलं असेल, शाळा बदलली असेल. कधी कधी मूल कुणाला तरी घाबरत असतं, आणि ते तोंडाने सांगत नाही.

मागच्या रांगेतल्या आजी हात वर करताहेत. बोला आजी.

"आमच्या वेळी चार फटके दिले की पोरं सुधारायची."

आजी, त्या वयात ती कोरडी होणारच होती. श्रेय फटक्यांना मिळालं.

आणखी एक चिठ्ठी आलीय. "चौथीची मुक्कामी सहल आहे. मुलगा म्हणतो पोट दुखतंय, जायचं नाही. काय करू?" पोट दुखत नाहीये हो त्याचं. पाठवा त्याला. गडद रंगाची पांघरायची चादर द्या. एक जादा चड्डी आणि प्लास्टिकची पिशवी अंथरुणाच्या वळकटीत अगदी तळाशी ठेवा आणि कुठे ठेवलीय ते त्याला दाखवा. एका बाईंना, एकाच, विश्वासात घ्या. गोळीचा विचार असेल तर सहलीच्या आधी दोन आठवडे या, घरी दोन-चार रात्री देऊन बघू. आणि मी नऊ वर्षांचा होईपर्यंत भिजवायचो, हे त्याला माझं नाव घेऊन सांगा. मागे अशाच एका मुलाला सांगितलं होतं, तर तो माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "मग तुम्ही सहलीला गेला होतात?" नव्हतो गेलो. तो गेला.