अठराव्या वर्षी हाती येणारं काम

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतल्या युटा राज्यात शिकायला गेलेल्या मराठी मुलामुलींना एक गोष्ट हमखास पाहायला मिळते. वर्गातला एखादा मुलगा शिक्षण मध्येच थांबवून दोन वर्षांसाठी निघून जातो. परत येतो तेव्हा पोर्तुगीज नाहीतर फिलिपिन्समधली तागालोग भाषा सफाईनं बोलत असतो, आणि पुन्हा पहिल्या वर्षाच्या बाकावर बसतो. हा मुलगा बहुधा मॉर्मन असतो. त्याच्या चर्चचं पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. जोसेफ स्मिथ यांनी 1830 मध्ये न्यूयॉर्क राज्यात त्याची स्थापना केली. पुढे 1847 मध्ये ब्रिगहॅम यंग यांच्याबरोबर या पंथाचे लोक सॉल्ट लेकच्या खोऱ्यात आले आणि तिथंच स्थिरावले.

अठरा ते पंचवीस हे मोठं अवघड वय. मी कोण, कुणाच्या उपयोगाचा, पुढं काय, हे प्रश्न तेव्हा झोपू देत नाहीत. या पंथात त्यावर भरपूर शिकवण आहे. पण तरुणांना खरा आधार मिळतो तो आपल्यावर कुणीतरी विसंबून आहे या अनुभवातून, असं आमचं मत आहे.

हे कसं घडतं, ते पाहू. गावातल्या किंवा वस्तीतल्या मंडळीला 'वॉर्ड' म्हणतात. तिथं पगारी धर्मगुरू नसतो. वॉर्डचा प्रमुख असतो बिशप, आणि तो म्हणजे कुणी दंतवैद्य, कुणी सुतार, कुणी शिक्षक. आपला व्यवसाय सांभाळून तो साधारण पाच वर्षं ही जबाबदारी विनावेतन घेतो. बाकीची कामंही सदस्यांनीच वाटून घ्यायची. मिळालेल्या कामाला 'कॉलिंग' म्हणतात, आणि ते मागायचं नसतं, सोपवलं जातं. अविवाहित तरुणांचे वेगळे वॉर्ड असतात. तिथं बावीस वर्षांची मुलगी रिलीफ सोसायटीची, म्हणजे स्त्रियांच्या संघटनेची, अध्यक्ष असू शकते. कोण आजारी आहे, कुणाची नोकरी गेली, कोण तीन रविवार दिसलेलं नाही, याची खबर तिला ठेवावी लागते. शिवाय प्रत्येकाकडे काही ठरावीक माणसं किंवा घरं सोपवलेली असतात. त्यांची विचारपूस करायची, सामान हलवायला हात द्यायचा, डॉक्टरकडे सोबत जायचं. एकट्या पडलेल्या तरुणाला कुणी भेटायला येतं, आणि त्यालाही कुणाकडे तरी जायचं असतं. या दुसऱ्या गोष्टीचं मोल आम्हाला जास्त वाटतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी उपवास असतो. साधारण चोवीस तास, लागोपाठ दोन जेवणं सोडायची. पाणीही घ्यायचं नाही. आपल्याकडच्यासारखा फराळ त्यात नाही. ज्यांना प्रकृतीमुळं झेपत नाही त्यांनी करू नये, असंच सांगितलं जातं. त्या दोन जेवणांचे वाचलेले पैसे, जमल्यास त्याहून जास्त, गरजूंसाठी बिशपकडे जातात. कुणाचं घरभाडं थकलं असेल, घरात किराणा नसेल, तर त्याची सोय याच पैशांतून होते. दारू, तंबाखू, कॉफी आणि चहा वर्ज्य. ग्रीन टीसुद्धा नाही. गवती चहाचा काढा मात्र चालतो, कारण त्यात चहापत्ती नसते. असे मित्र घरी येणार असतील तर मराठी मुलांनी एवढं जरूर लक्षात ठेवावं.

आता त्या दोन वर्षांबद्दल. धर्मप्रचार आणि सेवेसाठी दिलेल्या या काळाला 'मिशन' म्हणतात. 2012 मध्ये मुलांसाठी वयाची अट अठरा वर्षांवर आली. मुलं चोवीस महिने जातात, मुली अठरा. आधी बिशप आणि त्यांच्या वरचे, म्हणजे अनेक वॉर्ड सांभाळणारे, स्टेक प्रेसिडेंट मुलाखत घेतात. डॉक्टर आणि दंतवैद्य तपासणी करतात. मग कुठं जायचं ते सॉल्ट लेक सिटीतल्या चर्चच्या मुख्यालयातून कळतं. निवड आपल्या हाती नसते. काम विनावेतन, उलट अमेरिकेतली मुलं किंवा त्यांची घरची मंडळी दरमहा ठरलेली रक्कम भरतात. 2020 मध्ये ती 400 डॉलर झाली. नवी भाषा शिकायची असेल तर प्रशिक्षण साधारण सहा ते नऊ आठवडे चालतं. कामाच्या ठिकाणी कायम एक जोडीदार सोबत. सकाळी साडेसहाच्या सुमारास उठायचं, व्यायाम, वाचन, मग दिवसभर लोकांच्या भेटी आणि सेवेची कामं, रात्री साडेदहाच्या सुमारास दिवे बंद. आठवड्यातून एक दिवस कपडे धुणं, बाजारहाट आणि घरच्यांशी बोलणं. 2019 पर्यंत घरी फोन वर्षातून जेमतेम दोनदा करता यायचा. आता दर आठवड्याला करता येतो. हा बदल फार गरजेचा होता.

कारण मिशनवर मुलं खचतातही. दारं तोंडावर बंद होतात, जोडीदाराशी पटत नाही, घरची ओढ लागते, आणि 'माझी श्रद्धाच कमी पडते' असा दोष मूल स्वतःला देऊ लागतं. चर्चनं यासाठी एक पुस्तिका काढली आहे. तिच्यात ताणाच्या चार पायऱ्या रंगांनी दाखवल्या आहेत: हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल. पिवळ्यावर असताना बोलून मोकळं व्हावं, झोप आणि जेवण सांभाळावं. लालपर्यंत थांबू नये. तिथं मिशनच्या प्रमुखांची आणि डॉक्टरांची मदत लागते. नैराश्य हा आजार आहे, त्याला नुसती प्रार्थना पुरत नाही, हे घरातल्या मोठ्यांनी आधी समजून घ्यायला हवं.

दुःखाच्या वेळी त्यांचा मोठा आधार म्हणजे कुटुंब मृत्यूनंतरही एकत्र राहतं ही श्रद्धा. आई लहानपणीच गेलेल्या तरुणाला इथं नुसतं सांत्वन मिळत नाही, करण्यासारखं कामही मिळतं. तो पणजोबा-पणजीच्या जन्ममृत्यूच्या नोंदी शोधतो, त्यांची नावं पंथाच्या मंदिरात नेतो आणि बारा बैलांच्या शिल्पांवर पेललेल्या कुंडात त्यांच्या वतीनं बाप्तिस्मा घेतो. तो स्वीकारायचा की नाही हे त्या पूर्वजानं ठरवायचं, असं ते मानतात. भारतात असं मंदिर बंगळुरूला बांधायचं 2018 मध्ये जाहीर झालं.

सगळ्यात नाजूक काळ असतो तो मिशन संपल्यावरचा. काल दिवसाचा तास न् तास आखलेला होता. आज छातीवरची नावाची पाटी निघाली आणि दिवस मोकळा. लगेच एखादं कॉलिंग मिळालं, कॉलेजजवळच्या 'इन्स्टिट्यूट'मध्ये, म्हणजे चर्चच्या धर्मशिक्षण केंद्रात, आठवड्याचा वर्ग सुरू झाला, तर पाय लवकर जमिनीला लागतात. अशी पहिली इन्स्टिट्यूट 1926 मध्ये आयडाहोतल्या मॉस्को गावी निघाली. मुदतीआधी परतलेल्यांचं मात्र जास्त अवघड असतं. विमानतळावर स्वागताचे फलक नसतात, आणि रविवारी 'परत कधी जाणार?' हा प्रश्न दहा जण विचारतात. हा प्रश्न टाळावा. त्याऐवजी कुणाच्या तरी घरचं सामान हलवायला त्याला बरोबर न्यावं. मिशनवर परत जाणं शक्य नसेल तर घरी राहून करायची सेवा-मिशनही आहे: अन्नवाटप केंद्रात, रुग्णालयात, जमतील तितके तास. तिला कमी दर्जाची मानणारे वॉर्ड अजून आहेत, आणि ते बदलायला हवेत.