गुडघे लाल होईपर्यंत

[दृश्य : चिमट्याचं टोक, शेजारी हलणारा एक ठिपका]

औषधाच्या गोळ्यांची असते तेवढीच ही डबी. तळाशी ओलसर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, कडेला सुईनं पाडलेली भोकं. आत कोण आहे ते शोधावं लागतं. तो बघा, डाव्या कडेला. फिकट तपकिरी अंग, पोटावर एक काळा डाग, शरीर जेमतेम चार-पाच मिलिमीटर. हे टॅरंट्युलाचं, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्याचं पिल्लू. पाळणारे याला ‘स्लिंग’ म्हणतात.

जात मेक्सिकोची, ब्रॅकिपेल्मा हॅमोरी. बाजारातलं नाव ‘रेड नी’. प्रशांत महासागराकडच्या कोलिमा, हालिस्को, मिचोआकान या राज्यांत ती बिळं करून राहते. वर्षानुवर्षं सगळे तिला ब्रॅकिपेल्मा स्मिथी समजत होते. २०१७ साली संशोधकांनी दोन्ही जाती नीट वेगळ्या केल्या, आणि कित्येक काचपेट्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या.

[दृश्य : पूर्ण वाढलेली मादी, पायांचे नारिंगी-लाल सांधे]

पहिल्यांदा पाळणाऱ्यानं हीच का निवडावी? कारण ती संथ आहे. पेसिलोथेरिया मेटॅलिका या दुसऱ्या, निळ्याशार टॅरंट्युलाचे फोटो बघून अनेकांना मोह होतो. ती आपल्याकडचीच, आंध्र प्रदेशातली. पण ती विजेच्या चपळाईनं पळते, विषही जास्त त्रासदायक. शिवाय रानात ती नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. तिची एक बहीण, पेसिलोथेरिया रेगॅलिस, आपल्या सह्याद्रीतही झाडांच्या ढोलीत राहते. ट्रेकला दिसली तर बघावी आणि पुढे चालावं. डबीत भरून आणायची नाही.

कागदपत्रांचंही बघावं लागतं. ब्रॅकिपेल्मा काय, पेसिलोथेरिया काय, दोन्ही ‘साइट्स’ या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. भारतात वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंदणी करावी लागते. विकणारा कागदांचा विषय टाळत असेल, तर तिथून उठावं.

[दृश्य : डबीच्या भिंतीवर पाण्याचा थेंब]

पिल्लू आणलं की लगेच भली मोठी काचपेटी सजवायची हौस येते. ती आवरा. मोठ्या जागेत एवढ्याशा जिवाला भक्ष्य सापडत नाही आणि आपल्याला तो सापडत नाही. भिंतीवर एक थेंब पाणी, मातीची एक बाजू ओलसर, बस. दिवा नको, ऊनही नको. उन्हाळ्यात एवढीशी डबी बघता बघता कोरडी पडते, आणि पिल्लाला तहान सोसत नाही. कोळ्याचे पाय ताठ होतात ते आतल्या द्रवाच्या दाबानं. पाणी कमी पडलं की पाय पोटाखाली मुडपतात.

खाणं आठवड्यातून एक-दोनदा. बारकासा रातकिडा, तोही मेलेला चालतो. नुसती तंगडी टाकली तरी पिल्लू ती ओढत बिळात नेतं. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढायचं, नाहीतर बुरशी धरते.

आणि मग एक दिवस ते खाणं बंद करतं. पोट काळपट, तुकतुकीत होतं. बिळाचं तोंड मातीनं लिंपलं जातं. नवखा मालक इथे हमखास घाबरतो, उकरून बघतो. उकरू नका!

[दृश्य : पाठीवर पडलेला कोळी, जवळून]

तो मेलेला नाही. कात टाकतोय. पाठीचं कवच झाकणासारखं उघडतं आणि एकेक पाय जुन्या कातडीतून हळूहळू सुटत जातो. बाहेर येतो तेव्हा विषदंत पांढरे असतात, इतके मऊ की एखादा रातकिडाच उलट त्याला कुरतडू शकतो. म्हणून आत जिवंत भक्ष्य ठेवायचं नाही, आणि विषदंत काळे होईपर्यंत खायला द्यायचं नाही.

लाल गुडघे एकदम येत नाहीत. दर कातीनंतर रंग थोडा चढतो. या जातीचा जीव इतक्या सावकाश वाढतो की पूर्ण मोठा व्हायला काही वर्षं जातात. हाताळायची घाई तेव्हाही नकोच. पोटावरचे केस तो पायानं झटकतो. ते डोळ्यांत गेले तर दवाखाना गाठावा लागतो. आणि हातातून पडला तर पोट फुटतं.

नर की मादी हे पिल्लाकडे बघून कळत नाही. पुरेशी मोठी कात मिळाली की ती भिजवून, पसरून, भिंगाखाली आतली बाजू तपासतात. नर निघाला, तर वयात आल्यावर साधारण वर्षभराचा सोबती. मादी निघाली, तर वीस वर्षं, कधी त्याहून जास्त. घर बदललं, नोकरी बदलली, तरी तिची पेटी सामानात असणारच.