मधला माणूस नेमका कुणाचा?

(इंदूरमधल्या एका मराठी व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मी इतिहासाचा माणूस. ख्रिस्ती धर्मातल्या मध्यस्थाच्या कल्पनेवर मी काय बोलणार, असं मी आयोजकांना विचारलं, तर ते म्हणाले, तुम्ही कुठूनही सुरुवात करा. मग माळव्यातूनच करतो.

१८१७ च्या डिसेंबरात महिदपूरला होळकरांची फौज इंग्रजांकडून हरली, पुढच्या महिन्यात मंदसोरचा तह झाला आणि माळव्याची घडी बसवायचं काम ईस्ट इंडिया कंपनीच्या जॉन माल्कमकडे आलं. रतलामचे राजे पर्वतसिंह आणि दौलतराव शिंदे यांच्यात खंडणीचा जुना तंटा होता. माल्कम मध्ये पडला. १८१९ च्या जानेवारीत ठरलं की रतलामनं शिंद्यांना दरसाल ८४,००० सालिमशाही रुपये द्यावेत आणि शिंद्यांनी रतलामात फौज पाठवू नये. तंटा मिटला, हे खरं. पण माळव्यातल्या कितीतरी लहान ठाकुरांचेही असेच करार झाले आणि बघता बघता सगळ्यांच्या माना रेसिडेन्सीकडे, म्हणजे इंदुरातल्या इंग्रज प्रतिनिधीकडे, वळल्या. दोघांच्या भांडणात मध्ये पडलेला तिसरा मालक होऊन बसला. आपल्यापैकी जे सकाळी रेसिडेन्सी भागात फिरायला जातात, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मध्यस्थ म्हटलं की मराठी माणूस सावध होतो, तो असा. देवाच्या बाबतीत तर जास्तच. पंढरपूरच्या बडव्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवणारा कायदा १९७३ चा. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब व्हायला २०१४ साल उजाडलं. चोखोबांची समाधी आजही महाद्वारात, नामदेव पायरीपाशी, म्हणजे देवळाच्या बाहेरच आहे. तेव्हा ‘देव आणि माणूस यांच्यामध्ये एकच मध्यस्थ, तो ख्रिस्त’ हे वाक्य कानावर पडलं की मनात येतं, घ्या, आणखी एक बडवा, तोही परदेशातून आलेला! माझं म्हणणं एवढंच आहे, की हा संशय माल्कमला लागू पडतो, बडव्यांनाही पडतो. ख्रिस्ती लोक ज्याच्याबद्दल बोलतात त्याला पडत नाही. का, ते बघू.

ही मागणी फार जुनी आहे. बायबलच्या जुन्या करारात ईयोब नावाचा माणूस आहे. मुलंबाळं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर गळवं आली, आणि चूक काय ते कुणी सांगत नाही. तो देवावर फिर्याद लावायला निघतो आणि मध्येच थबकतो. म्हणतो, देव काही माझ्यासारखा माणूस नाही, की आम्ही दोघं न्यायासनासमोर उभे राहू. आम्हा दोघांवर हात ठेवील असा कुणी आमच्यामध्ये नाही. दोघांवर हात! देवाच्या खांद्यापर्यंत ज्याचा हात पोचेल असा माणूस आणायचा कुठून? नवव्या अध्यायातली ही तक्रार मला सगळ्या धर्मपरिषदांच्या ठरावांपेक्षा मोलाची वाटते.

यहुदी परंपरेत ती जागा महायाजकाची. जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात त्याचा विधी बारकाईनं दिलाय. वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, तो अंघोळ करून साधी तागाची वस्त्रं नेसतो. धुपाटण्यात वेदीवरचे निखारे आणि दोन मुठी कुटलेला धूप घेऊन पडद्याआडच्या परमपवित्र जागेत, देवासमोर, जातो. धुरानं आतली जागा झाकली गेली पाहिजे, नाहीतर तो मरेल, असं स्पष्ट लिहिलंय. मग बोटानं रक्त शिंपडायचं, सात वेळा. त्या वेळी मंडपात दुसरं कुणी थांबायचं नाही. आणि लोकांच्या पापासाठी बकरा कापण्याआधी त्यानं स्वतःच्या पापासाठी गोऱ्हा कापायचा. म्हणजे तो पुरता आपल्या बाजूचा माणूस. पलीकडे जातो तो जीव मुठीत धरून, आणि लगेच परत येतो.

नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राचा लेखक नेमकं इथं बोट ठेवतो. हे दरवर्षी करावं लागतं, यातच त्याचं अपुरेपण आहे, असं तो म्हणतो. त्याचा ख्रिस्त आत जातो तो एकदाच, आणि स्वतःचंच रक्त घेऊन. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूनं प्राण सोडला त्या क्षणी मंदिराचा पडदा फाटला, वरून खालपर्यंत. खालून वर नाही, म्हणजे माणसाच्या हातानं नाही, हे लक्षात घ्या.

आता थोडं अवघड. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टीननं प्लेटोच्या अनुयायांशी वाद घातला. त्या लोकांचं मत असं, की देव थेट माणसात मिसळत नाहीत, मध्ये ‘डेमन’ नावाच्या शक्ती असतात, त्या निरोप पोचवतात. ऑगस्टीननं विचारलं, यांच्याकडे असतं काय? देव अमर आणि सुखी. माणूस मर्त्य आणि दुःखी. तुमचे हे मधले अमर आहेत, पण माणसासारखेच विकारांनी पोळलेले, म्हणजे दुःखी. दुःख कायमचं, असले मध्यस्थ काय कामाचे? ख्रिस्ताचं उलटं आहे. त्यानं माणसाचं मरण काही काळापुरतं घेतलं आणि देवाचं सुख माणसापर्यंत आणलं. मला या युक्तिवादाचं फार कौतुक वाटतं. मधे असणं पुरत नाही, कोणत्या बाजूचं काय उचललंय ते बघा, असं तो सांगतो. ४५१ साली खाल्केदोनच्या ख्रिस्ती धर्मपरिषदेनं हेच सूत्रात बांधलं : पूर्ण देव, पूर्ण माणूस, व्यक्ती एकच. अर्धा हा, अर्धा तो असं चालणार नाही. अर्धा-अर्धा झाला की तो तिसरा झाला, आणि तिसरा आला की माल्कम आलाच.

यावरून ख्रिस्ती लोक आपसात भांडले नाहीत असं नाही. मरियेकडे आणि संतांकडे ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ असं मागायचं की नाही, यावर सोळाव्या शतकात फूट पडली. ल्यूथरच्या प्रॉटेस्टंट लोकांनी १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबात, म्हणजे आपल्या श्रद्धेच्या जाहीरनाम्यात, नको म्हटलं, कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेनं १५६३ मध्ये ते हितकर ठरवलं. पण मध्यस्थ एकच, हे दोघांनाही मान्य होतं. भांडण होतं ते आणखी कुणाला वशिला लावायला सांगावं का, याचं. वशिल्याबद्दल आपण इंदूरकरांनी कुणाला नावं ठेवू नयेत.

आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. ज्या परंपरेत दलालांचा सगळ्यात जास्त तिटकारा, तिच्यातूनच ते तिकडे गेले. त्यांना ख्रिस्त बडव्यासारखा दिसला असता, तर गेले असते का?

एक चिठ्ठी आलीय : ‘एकच मध्यस्थ, तर मग बाकीच्या जगाचं काय?’ प्रश्न रास्त आहे, आणि त्या ‘एकच’चा सोटा करून पुष्कळांनी पुष्कळांना मारलंय. पण ते वाक्य येतं कुठं ते बघा. नव्या करारातलं तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र, अध्याय दुसरा, वचन पाचवं. आधीच्या वचनात आहे, सर्व माणसांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे. नंतरच्या वचनात, त्यानं सर्वांसाठी स्वतःला मोल म्हणून दिलं. आणि हे सगळं कशासाठी लिहिलं? अध्याय उघडतो तो या सूचनेनं, की सर्वांसाठी प्रार्थना करा, राजांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठीसुद्धा. ते राजे रोमन होते; त्यातला एकही ख्रिस्ती नव्हता.

दुसरी चिठ्ठी वाचतो.