पडद्यावरची जाळी

(दृश्य: काळा पडदा. त्यावर बारीक पांढऱ्या रेघांची जाळी उमटते.)

या चित्रात रमण्यासारखं काहीच नाही. काळ्या पार्श्वभूमीवर उभ्या-आडव्या पांढऱ्या रेघा, बस्स. पण टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला या जाळीतून जेवढं कळतं, तेवढं कुठल्याही सिनेमातून कळत नाही. सिनेमातला नायक मुळात किती उंच, त्याच्या सदऱ्याचा रंग नेमका कोणता, हे आपल्याला ठाऊक नसतं. ही जाळी कशी दिसली पाहिजे ते मात्र आधीच ठरलेलं आहे: प्रत्येक घर चौरस, प्रत्येक रेघ सरळ आणि पांढरी. मग जिथे ती वाकडी किंवा रंगीत दिसेल, तिथे दोष सेटचाच.

(दृश्य: टेबलावर एक छोटी पेटी. पुढच्या बाजूला बटणं, मागे केबल.)

ही जाळी काढणारी पेटी म्हणजे पॅटर्न जनरेटर. एका हातात उचलून गिऱ्हाइकाच्या घरी नेता येईल, एवढीच.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. सुरुवातीच्या वर्षांत कार्यक्रम असायचे संध्याकाळी, आणि मेकॅनिकचं काम दिवसभर. भर दुपारी सेट उघडून बसलं तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. दुरुस्ती झाली की नाही, हे कळायला दिवेलागणीची वाट बघायची? ज्याच्याकडे ही पेटी होती त्याला ती वाट बघावी लागत नसे. सेकंदाला २५ पूर्ण चित्रं, प्रत्येक चित्रात ६२५ रेघा, म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेघा. पेटीतला क्रिस्टल ऑसिलेटर हा ताल अचूक सांभाळतो. मुंबई केंद्र चॅनल ४ वर दिसायचं. पेटीचा सिग्नल त्याच चॅनलला लावला, की सेटच्या दृष्टीने प्रक्षेपण सुरू झालंच.

(दृश्य: गच्चीवरचा ॲल्युमिनियमचा अँटेना.)

पेटीचा पहिला उपयोग म्हणजे भांडण मिटवणं. चित्र खराब दिसलं की घरचे म्हणणार, सेट बिघडला. बिघाड गच्चीवरही असू शकतो: वाऱ्याने फिरलेला अँटेना, उन्हाने तडकलेली चपटी वायर, पावसात गंजलेला जोड. मेकॅनिक अँटेनाची वायर काढून तिथे पेटी जोडतो. जाळी स्वच्छ आली, की सेटच्या अंगाला हात लावायची गरज नाही, गच्चीवर चला. जाळी आलीच नाही, तर दोष आत आहे. मग पेटीतला नुसता व्हिडिओ सिग्नल ट्यूनर (चॅनल पकडणारा भाग) आणि आयएफ (तो सिग्नल वाढवणारा भाग) ओलांडून थेट पुढच्या भागात द्यायचा. आता जाळी दिसली तर बिघाड मागे राहिला, नाही दिसली तर पुढे आहे. अंदाजाने एकेक पार्ट बदलत बसणं आणि बिघाडाला दोन्ही बाजूंनी कोंडीत पकडणं, या दोन कामांत मोठा फरक आहे. पहिल्यात गिऱ्हाइकाचे पैसे जातात.

(दृश्य: जाळी. वरची घरं ताणलेली, खालची दबलेली.)

ही बघा. वरची घरं उंच, खालची चेपलेली. बातम्या चालू असत्या तर निवेदिकेचं कपाळ लांब आणि हनुवटी दबलेली दिसली असती, आणि बघणाऱ्याने ते चालवूनही घेतलं असतं. जाळीत ते लपत नाही. अशा वेळी चित्राची उंची सांभाळणाऱ्या व्हर्टिकल विभागातला एखादा वाळलेला कंडेन्सर बहुधा हाती लागतो.

(दृश्य: रंगीत पट्टे.)

१९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण आलं आणि या पेटीची खरी किंमत कळली. डावीकडून बघत चला: पांढरा, पिवळा, आकाशी, हिरवा, किरमिजी, लाल, निळा, काळा. हा क्रम उगाच नाही. लाल, हिरवा आणि निळा हे तीनच मूळ रंग. त्यांच्या मिसळीतून हे आठ पट्टे होतात आणि उजेडाच्या उतरत्या क्रमाने लागतात. रंग पूर्ण कमी केला, तर कृष्णधवल पडद्यावर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या पायऱ्या दिसतात.

आता समजा, पिक्चर ट्यूबची निळी गन, म्हणजे निळ्या रंगासाठी इलेक्ट्रॉनांचा झोत सोडणारी नळी, बंद पडली. पांढऱ्यातून निळा गेला, उरला पिवळा. आकाशीतून निळा गेला, उरला हिरवा. किरमिजी लाल झाला, निळा काळा झाला. म्हणजे आठ पट्ट्यांच्या जागी चार रुंद पट्टे: पिवळा, हिरवा, लाल, काळा. मीटर लावायच्या आधीच, नुसत्या नजरेने, कुठला रंग गेला ते कळलं. माझ्या मते दुरुस्तीच्या धंद्यात एवढी सुंदर तपासणी दुसरी नाही.

(दृश्य: पिक्चर ट्यूबची मान. तिच्यावर चुंबकाच्या कड्या.)

यापुढचं काम नाजूक आहे. ट्यूबच्या मानेवर चुंबकाच्या कड्यांच्या जोड्या असतात. आधी पडदा डीगॉस करायचा, म्हणजे त्यात साचलेलं चुंबकत्व घालवायचं. मग पेटीवर नुसता लाल पडदा लावायचा. कोपऱ्यात दुसऱ्या रंगाचा डाग दिसला, तर दोन ध्रुवांच्या कड्या फिरवून आणि योक (मानेवरचं तारेचं वेटोळं) पुढे-मागे सरकवून पूर्ण पडदा एकसारखा लाल करायचा. त्यानंतर जाळी. पांढऱ्या रेघेच्या एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला निळी कड दिसते ना? चार ध्रुवांच्या कड्यांनी लाल आणि निळी रेघ एकमेकींवर आणायची, ती किरमिजी होते. मग सहा ध्रुवांच्या कड्यांनी ती किरमिजी रेघ हिरवीवर बसवायची, आणि पडद्याच्या मध्यावर रेघ पांढरी होते. कडेचं काम योक किंचित कलवून, त्याखाली रबरी पाचरी सरकवून होतं. हात स्थिर लागतो आणि घाई चालत नाही.

हे सगळं करताना सेटची पाठ उघडी असते आणि सेट चालू. रंगीत ट्यूबवर सुमारे २५,००० व्होल्ट असतात, आणि बटण बंद केल्यावरही ट्यूबमध्ये चार्ज राहतो. शिवाय कित्येक सेटच्या चेसिसवरच, म्हणजे आतल्या सांगाड्यावर, मेनचा करंट असतो. अशा सेटच्या आत पेटीची वायर लावण्यापूर्वी मेन आणि सेटच्या मध्ये दोघांना वेगळं ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच. पुण्यातल्या पासोड्या विठोबापासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत, इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही बाजारात, जुना मेकॅनिक एक हात खिशात ठेवूनच चालू सेटला हात लावताना दिसेल. त्याला घाबरट म्हणू नका.

(दृश्य: भिंतीवरचा एलईडी टीव्ही. एचडीएमआय केबल असलेली तळहाताएवढी पेटी.)

आता ट्यूब गेली, कड्या गेल्या. पॅनेलवर प्रत्येक ठिपका आपल्या जागी कायमचा बसवलेला असतो. फुल एचडीत असे २०,७३,६०० ठिपके. तरी पेटीचं काम संपलेलं नाही. संपूर्ण काळा पडदा लावा, अडकलेला ठिपका चमकेल. संपूर्ण राखाडी लावा, पॅनेलमागून उजेड देणाऱ्या बॅकलाइटच्या पट्टीतला गेलेला एलईडी आणि कोपऱ्यातले ढगांसारखे डाग दिसतील. एक ठिपका पांढरा, एक काळा अशी नक्षी लावा. ती स्वच्छ न दिसता गढूळ राखाडी झाली, तर टीव्ही चित्र ताणतो आहे आणि कडा कापतो आहे. सेटिंगमधलं ओव्हरस्कॅन बंद करा.

याच नक्षी पेनड्राइव्हवर घेऊनही लावता येतात. पण तेव्हा तपासला जातो टीव्हीचा आतला प्लेअर आणि पॅनेल. एचडीएमआयचं पोर्ट तपासायचं तर सिग्नल बाहेरूनच यायला हवा. पेनड्राइव्हवर चित्र चांगलं, पेटीवर वाईट, तर पोर्ट बघा. दोन्हींवर चांगलं, तर सेटटॉप बॉक्स किंवा त्याची केबल. गच्चीवरच्या अँटेनाच्या वेळची पद्धत इथेही तशीच लागू पडते.

शोरूममध्ये टीव्हीवर भडक फुलं आणि समुद्राखालचे मासे फिरत असतात. त्यावरून सेट पारखता येत नाही. हजारो रुपये मोजण्याआधी विक्रेत्याला एक राखाडी पडदा लावायला सांगा, आणि दोन पावलं मागे जाऊन चारही कोपरे बघा. हा तुमचा हक्क आहे, संकोच नको.

दुरुस्त झालेला सेट मात्र एवढ्याने सोडायचा नसतो. कित्येक बिघाड सेट तापल्यावरच दिसतात, म्हणून तो नक्षी लावून काही तास चालू ठेवतात. ओएलईडी (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो) असेल तर एकच स्थिर नक्षी फार वेळ ठेवायची नाही. तिचा डाग पॅनेलवर उमटू शकतो. तिथे दर थोड्या वेळाने पॅटर्न बदलत राहायचं, किंवा चालतं चित्र लावून सेट तापवायचा आणि मग पुन्हा पेटी जोडायची.